नदीपलीकडचा नाताळ

मास्तर गेल्यावर मी प्रार्थना करणं सोडून दिलं, असं आमच्या मंडळीतले लोक म्हणायचे. ते खरं नव्हतं. मी रोज देवाशी बोलत होते, फक्त त्या बोलण्याला कुणी प्रार्थना म्हटलं नसतं. चुलीपुढे बसून, शाळेच्या वाटेवर, ज्वारी निवडता निवडता मी त्याच्याशी कडाकडा भांडत होते. मास्तर म्हणजे माझे यजमान. बेलापूरच्या खाली आणि नेवाशाच्या वर, प्रवरेच्या काठी आमचं गाव. तिथे मिशनची लहानशी शाळा होती. ते मोठ्या मुलांना शिकवायचे, मी बिगरीच्या वर्गातली लहान पोरं सांभाळायची. रविवारी गावातली उपासना आटोपली की मास्तर नदी ओलांडून पलीकडच्या वस्तीवर जात. तिथे काही वर्षांपूर्वी ख्रिस्ती विश्वासात आलेली थोडी घरं होती, पाटलाच्या मळ्यावर राबणारी. त्यांना ना उपासनेची जागा, ना पाळक. मास्तर लिंबाखाली बसून त्यांना शास्त्र समजावून सांगायचे आणि जे मिळेल ते खाऊन दिवे लागायच्या आत परत यायचे. लढाईचे दिवस होते, घासलेट मिळत नव्हतं, म्हणून सगळं उजेडातच उरकावं लागे. भाद्रपदातल्या अशाच एका रविवारी ते परतताना बुडाले.

आमच्याकडे नाव नव्हती. गुऱ्हाळात उसाचा रस आटवायला मोठी लोखंडी काहील असते ना, तीच आम्ही नदी ओलांडायला वापरायचो. दोन्ही काठांच्या झाडांना दोर बांधलेला असे. माणसं काहिलीत उकिडवी बसत आणि भिवा कोळी उभा राहून, दोर ओढत ओढत तिला पलीकडे नेई. त्या दिवशी पाण्याबरोबर वाहत आलेली एक अख्खी बाभूळ काहिलीवर आदळली. भिवा पोहून निघाला. मास्तरांना पोहता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते पलीकडच्या काठाला, वस्तीतल्या बायांच्या धुण्याच्या दगडाजवळ, लव्हाळ्यात सापडले. आणि ज्या काहिलीने त्यांना बुडवलं तिच्यातूनच त्यांना अलीकडे आणलं. मी काठावर उभी राहून ते पाहिलं.

मग माणसं समाधान करायला आली. प्रभूची इच्छा, असं म्हणाली. प्रभूला चांगली माणसं लवकर हवी असतात, असंही एक जण म्हणाला, आणि त्याचं तोंड पाहून मला वाटलं की हातातला तांब्या त्याला फेकून मारावा. चांगली माणसं हवी होती तर स्वर्गात काय त्यांचा दुष्काळ पडला होता? आमच्या गावात तर पडलाच होता. पुढच्या रविवारी आमच्या पाळकसाहेबांनी उपदेशाला विषय घेतला तो प्रभूने वादळ शांत केल्याचा. माणूस वाईट नव्हता, शिकलेला होता, मायाळूही होता. पण त्याला दुसरं काहीच सुचलं नाही का? प्रभूने शिष्यांचं वादळ शांत केलं, मग आमच्या प्रवरेचं का नाही केलं? मी भर उपासनेतून उठले आणि चालू लागले. मागे वळून पाहिलं नाही. त्यानंतर कुणी मला प्रभूची इच्छा ऐकवली नाही, निदान तोंडावर तरी नाही.

माझ्या रागाचं सगळ्या गावाला माहीत होतं. भीतीचं मात्र कुणालाच माहीत नव्हतं. मास्तरांना मातीत ठेवून आले त्या दिवसापासून मला पाण्याची धास्ती बसली. नदीकडे जाणं तर सोडाच, मी आडात डोकावत नसे. पोहरा शेजारणीला ओढायला लावी आणि तिला सांगे की माझा खांदा दुखतो. अंगावर पाणी घेताना तोंडावरून धार आली की श्वास अडकायचा, हातपाय गार पडायचे. शेवटी मी ओल्या फडक्याने अंग पुसू लागले. चांगली बाईमाणूस, पोरांना शिकवणारी, आणि तांब्याभर पाण्याला भिते! याची इतकी लाज वाटायची की मी आणखीच चिडायचे. राग असला की माणसं लांब राहतात, काही विचारत नाहीत. मला ते बरं पडत होतं.

नाताळ जवळ आला तसा एक वेगळाच काच सुरू झाला. दर नाताळला मास्तर ख्रिस्तजन्माचं कीर्तन करायचे. एकदा आमच्या गावात आणि मग नदीपलीकडे वस्तीवर. गळ्यात उपरणं, हातात चिपळ्या. मी मागे टाळ धरून उभी असायची, इतकी वर्षं की ते अख्खं कीर्तन मला पाठ झालं होतं. त्यांनी कधी एक अक्षर लिहून ठेवलं नाही. त्यांच्या कीर्तनातले मेंढपाळ म्हणजे आमच्याच माळावरचे धनगर. घोंगड्या पांघरून, शेकोटीशी बसून ते तंबाखूवरून भांडत असायचे. तेवढ्यात आभाळ उजळे, देवदूत येई आणि म्हणे, भिऊ नका. सगळी धनगरं पालथी पडलेली, पण त्यातला एक म्हातारा मान वर करून त्यालाच विचारी, "भिऊ नका म्हनायला तुझं काय जातंय रं? पंख तुला हायेत!" इथे माणसं हसून हसून लोळायची. मास्तर हसू ओसरेपर्यंत थांबायचे आणि मग त्या म्हाताऱ्याला देवदूताकडून उत्तर द्यायचे. ते उत्तर ऐकून हसणाऱ्या बायांचे पदर डोळ्यांना लागायचे.

ते उत्तर मला आठवत नव्हतं. बाकी सगळं कीर्तन, चालीसकट, कुठे श्वास घ्यायचा तेही आठवत होतं आणि नेमकं तेवढंच पुसून गेलं होतं. भांडी घासताना मी म्हाताऱ्याचं वाक्य म्हणायची आणि पुढे अंधार. तेव्हा हेही देवाचंच काम, असं मी मनात धरून बसले. नवरा नेला तो नेला, त्याचे शब्दही नेले. मंडळीच्या पंचांनी ठरवलं की यंदा कीर्तन नको, साधी उपासना करू. मला हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याचाही राग आला.

नाताळच्या दिवशी मी उपासनेला गेले ती मागच्या भिंतीशी बसले आणि शेवटचं गाणं सुरू व्हायच्या आत घरी आले. घरात करंजी नाही, काही नाही. शेजारणीने फराळाचं ताट ठेवलं होतं ते तसंच झाकून ठेवलं. अंगणात कुणीतरी उभं असल्याची चाहूल लागली. पाहते तर भिवा कोळी. भाद्रपदापासून मी त्याच्याशी बोलले नव्हते, रस्त्यात दिसला तर तोंड फिरवायची. तोही कधी समोर आला नव्हता. आज मुंडासं हातात घेऊन कुंपणाशी उभा होता.

"बाई, वस्तीवरली मान्सं वाट बघत्यात. कीर्तनाला या म्हनत्यात."

"कीर्तन करणारा तू बुडवलास," मी म्हटलं. "त्याला घेऊन जा."

त्याने मान खाली घातली, पण गेला नाही. खाली बघूनच बोलत राहिला. "पाटलाची मान्सं लई हिनवत्यात त्यास्नी. मास्तर बुडत हुता तवा तुमचा देव काय काठावर हुबा हुता का, आसं इचारत्यात. पौषात म्हसोबाची जत्रा हाय. डफडी घिऊन नाचत या, न्हाईतर मळ्यावर काम न्हाई, आसा निरोप आलाय. आज कोनीच न्हाई आलं तर ती जात्याल, बाई."

याचा अर्थ मला चांगला कळत होता. वस्तीवरच्या लोकांचं पिढ्यान् पिढ्या तेच काम होतं. जत्रेत डफडं बडवायचं, लांबून टाकलेलं शिळंपाकं उचलायचं आणि वर शिव्या खायच्या. विश्वासात आल्यावर त्यांनी डफडी आढ्याला टांगून ठेवली होती. मास्तरांचं सगळं आयुष्य त्या टांगलेल्या डफड्यांत होतं म्हटलं तरी चालेल. आणि तरी मी म्हटलं, "जाऊ देत." माझी जीभ तेव्हा अशीच झाली होती.

भिवाला वाटलं असावं की मला वाईट वाटलंय, वस्तीने मास्तरांना विसरावं याचं. तो बिचारा माझी समजूत घालू लागला. "न्हाई बाई, मास्तरास्नी कोनी इसरलं न्हाई. जिथं घावले न्हवं, त्या धुन्याच्या दगडाला शेंदूर लावलाय. मास्तरबाबा म्हनत्यात. त्येंचं उपरनं मागनं लव्हाळ्यात घावलं, ते बी गुंडाळलंय दगडाला. मीबी काहील सोडायच्या आदी नारळ वाढवतो. तवापास्नं येकदाबी डगमगली न्हाई ती."

आता काय सांगू? माझ्या डोळ्यांपुढे तांबडं झालं. ज्या माणसाने जन्मभर सांगितलं की दगडाला भिऊ नका, शेंदराला भिऊ नका, त्याचाच दगड करून ठेवला! त्याला शेंदूर फासला! मी दार उघडंच टाकलं, चपला घातल्या नाहीत आणि नदीच्या वाटेला लागले. भिवा मागून धावत होता. वाटेत उपासनेहून परतणारे पाळकसाहेब भेटले. "बाई, सणासुदीच्या दिवशी अशा कुठे निघालात?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "शेंदूर पुसायला." मागून आलेल्या भिवाने त्यांना काय झालंय ते सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "रागाच्या भरात जाऊ नका. अजाण लोक आहेत, मी सावकाशीने त्यांना समजावीन." मी थांबले आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. "भाद्रपदापासून एकदा तरी पलीकडे गेलात का, साहेब?" ते घुटमळले. म्हणाले, पाण्याला फार ओढ होती. मग माझ्या लक्षात आलं की या गावात पाण्याला भिणारी मी एकटीच नव्हते. पण तेव्हा कीव करायला मला सवड नव्हती.

काठावर काहील दोराला बांधलेली होती. मी लुगड्याचा ओचा खोचला आणि तिच्यात जाऊन बसले. भिवाने दोर हातात घेतला, खळखळ आवाज झाला, काठ मागे सरला. मी मनातल्या मनात वस्तीवरच्या एकेकाला काय काय सुनावायचं ते जुळवत होते. मध्यावर आलो असू, तेवढ्यात काहील गर्रकन फिरली. ती तशी फिरतेच, तिला ना शेंडा ना बुडखा. माझा तोल गेला, कडेला धरायला हात टाकला आणि बोटं पाण्यात गेली.

तेव्हा मला कळलं की मी पाण्यावर आहे. त्या वर्षी पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला होता, मार्गशीर्षातही डोह भरलेला होता, हिरवा आणि खोल. लोखंडाच्या पातळ पत्र्याखाली तो वाहत होता, माझ्या मांडीला त्याचा गारवा लागत होता. श्वास अडकला. कानात दडे बसले. मी ओरडले, "भिवा, मागे घे!" तो म्हणाला, "मधी आलोय, बाई. मागं तेवढंच, पुढं बी तेवढंच." मी काहिलीच्या तळाशी अंग मुडपून घेतलं. इथेच, याच पाण्यात ते खाली गेले असतील. डोळे मिटले तर पाणी दिसत होतं, उघडले तरी पाणीच. आणि कुठून कोण जाणे, त्या भीतीतून माझा सगळा राग उसळून वर आला. माणसांवरचा नव्हे, त्याच्यावरचा. मी आभाळाकडे तोंड करून मोठ्याने ओरडले, "भिऊ नका म्हणायला तुझं काय जातंय? पंख तुला आहेत!"

आपण काय बोललो ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. भिवाने दोर ओढायचा थांबवला. काहील जागच्या जागी हलत राहिली. तो माझ्याकडे पाठ करूनच उभा होता, आणि कीर्तनात उत्तर द्यावं तसं, थोडं थांबून, मास्तरांच्याच हेलात तो म्हणाला, "पंख न्हाईत देवाला, बाबा. म्हून तर त्यो बाळ हून आला. तुज्यावानीच, पडला तर लागनारा, पान्यात टाकला तर बुडनारा."

मी उठून बसले. हेच ते उत्तर! जसंच्या तसं. मी त्याला विचारलं, तुला कसं ठाऊक? तो म्हणाला, "मास्तर आसंच म्हनायचे न्हवं? दर सालाला त्यास्नी परत आनायला थांबायचो, तवा लिंबामागं बसून ऐकायचो." मग दोर पुन्हा हातात घेऊन तो हळूच म्हणाला, "मी किती बुड्या मारल्या ते मला ठावं न्हाई, बाई. हात फुटस्तोवर धुंडलं. न्हाई घावले." इतक्या महिन्यांत मी त्याला हे विचारलंच नव्हतं.

पुढे जे झालं ते मी आहे तसं सांगते, त्यावर वाद घालायचा नाही. मला काही दिसलं नाही, आवाज आला नाही. पाणी तेवढंच खोल होतं, काहील तेवढीच डुलत होती. पण तिच्यात आम्ही दोघेच नाही, आणखी कुणीतरी माझ्या शेजारी उकिडवं बसलंय, असं मला वाटलं. त्यालाही पोहता येत नाही. तो माझ्याइतकाच भिजेल, माझ्याइतकाच बुडेल, आणि तरी उठून जाणार नाही. वादळ शांत करणारा मला तोवर सगळ्यांनी दाखवला होता. हा दुसरा कुणी दाखवला नव्हता, मास्तरांशिवाय. माझा अडकलेला श्वास सुटला. रडू आलं ते काठ लागेपर्यंत थांबलं नाही. मास्तर गेल्यापासून मी तेव्हा पहिल्यांदा रडत होते.

काठाला लागलो आणि मी डोळे पुसले. राग संपला होता असं कुणाला वाटेल, तर नाही. समोरच तो दगड होता. तेलात कालवलेला शेंदूर थापून थापून त्याचं नाकडोळ्यांशिवायचं तोंड करून ठेवलं होतं. भोवती करवंट्या, उदबत्तीच्या काड्या आणि कमरेला गुंडाळलेलं मास्तरांचं उपरणं, मी शिवलेल्या काठासकट. वस्तीतली माणसं जमली होती. सगळ्यांत पुढे भागाआजी, वस्तीवर सर्वांत आधी विश्वासात आलेली म्हातारी. तिच्या अंगावर मी फाडकन ओरडले, "हे काय करून ठेवलंत? हेच शिकवलं होतं त्यांनी तुम्हाला?"

बाकीची माणसं मागे सरली. भागाआजी सरली नाही. तीही माझ्यासारखीच तापट होती. "मग काय करायचं हुतं, बाई?" ती म्हणाली. "मेलेल्या मान्सावर माया करायची आमाला येकच रीत ठावं हाय. दुसरी शिकवायला कोन आलं? तुमी आला? तुमचं पाळकसाह्यब आलं? दगड सोडला तवापास्नं आमच्या बाया मातीत धुनं आपटत्यात. पर त्येच्यावर फडकं न्हाई मारलं कुनी."

 उठल्याबसल्या देवाला जाब विचारणारी मी, आणि इथे या बाईने मला जाब विचारला होता. तिचा राग खरा होता, माझाही खरा होता. दोन्ही मास्तरांसाठीच होते. मी खाली बसले आणि उपरण्याची गाठ सोडू लागले. गाठ तेलाने घट्ट बसली होती. आजी जवळ आली, तिने दातांनी ती सोडवली. मग मी म्हटलं, "आजी, राख आणा चुलीतली." नुसत्या पाण्याने शेंदूर निघत नाही. राख आली. नारळाच्या शेंड्या तिथेच पडल्या होत्या, त्या गोळा केल्या. पण पाणी कोण आणणार? सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या.

मी नदीत उतरले. घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. भीती होतीच, ती मी लपवली नाही. ओंजळ भरली, एकदा तोंडावर मारून घेतली. त्याच पाण्याने मी दगड घासायला सुरुवात केली. थोड्या वेळाने आजी आली, मग दुसऱ्या बाया आल्या. कुणी रडत होतं, कुणी नुसतं घासत होतं. नदीला तांबडा ओघळ लागला आणि खालच्या अंगाला जाऊन विरला. वर दरडीवर पाटलाची चारदोन माणसं येऊन उभी होती, गंमत बघायला.

दगड स्वच्छ निघाला तसं मी ओलं उपरणं पिळलं, गळ्यात टाकलं आणि म्हटलं, "चला, कीर्तन करू." बाईने कीर्तन करायचं म्हणजे कसं, असं एक म्हातारा पुटपुटला. आजीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. टाळ घरीच राहिले होते, चिपळ्या तर भाद्रपदातच मास्तरांबरोबर नदीने नेल्या होत्या. तेव्हा मी म्हटलं, "तुमची डफडी काढा आढ्यावरची." माणसं एकमेकांकडे पाहू लागली. मी म्हटलं, "म्हसोबाच्या जत्रेला नेणार होतात ना? त्याआधी आज इथे वाजवा. कुणी शिळं टाकावं म्हणून नाही. आपल्याकडे आज बाळ जन्मलंय म्हणून."

डफडी आली. शेकोटीवर धरून ती तापवली, आणि मग जो आवाज घुमला तो पलीकडच्या काठावर आमच्या गावात ऐकू गेला म्हणतात. मी मास्तरांसारखं कीर्तन केलं नाही. मला त्यांचा गळा नव्हता. धनगर तंबाखूवरून भांडले, आभाळ उजळलं, म्हाताऱ्याने देवदूताला सुनावलं, आणि वस्ती हसली. दरडीवरची माणसंही हसली. हसू ओसरेपर्यंत मी थांबले. मग मास्तरांचं उत्तर दिलं, आणि दरडीकडे बघून आणखी एक माझ्या पदरचं घातलं. "तुम्ही विचारता ना, मास्तर बुडत होते तेव्हा आमचा देव काठावर उभा होता का? नव्हता. काठावर तुम्ही आहात. तो पाण्यात होता, त्यांच्याबरोबर."

 दरडीवरच्यांना पटलं असं मी म्हणत नाही. माणसं आली तशी गेली. पण पौषात वस्तीवरचं एकही डफडं जत्रेला गेलं नाही. पाटलाने म्हटल्याप्रमाणे मळ्यावरचं काम बंद केलं. वस्तीतल्या बाप्यांना बायकापोरं मागे ठेवून लांब ऊसतोडीला जावं लागलं, त्यांनी फार सोसलं. मी त्याचा आनंद मानत नाही, तेव्हाही मानला नाही, आजही त्या पाटलाची आठवण आली की माझं डोकं तापतं. भागाआजीला मात्र मी कधी कुरकुरताना पाहिलं नाही. पाळकसाहेब पुढच्या रविवारी माझ्याबरोबर काहिलीत बसले, कडेला दोन्ही हातांनी घट्ट धरून. मी त्यांना म्हटलं, साहेब, मलाही भीती वाटते. ते हसले आणि मग अर्ध्या नदीपर्यंत आम्ही दोघांनी मिळून गाणं म्हटलं.

नाताळच्या त्या संध्याकाळी परत येताना मी भिवाला नारळ वाढवू दिला नाही. तो जरा नाराज झाला. मी म्हटलं, तो फोडून आतलं खोबरं पोरांना वाट. त्याने तसं केलं. दिवस मावळत होता, डोह काळा पडत चालला होता. मी एक हात पाण्यात सोडून बसले होते. मास्तरांना का नेलं, याचं उत्तर मला तेव्हा मिळालं नाही, अजूनही मिळालेलं नाही, आणि त्याबद्दल मी देवाशी अधूनमधून भांडते. पण आता समोर बसून भांडते. शरण जाणं म्हणजे मान खाली घालून गप्प बसणं, असं मला वाटायचं, म्हणून ते मला कधी जमलं नाही. त्या नाताळला माझ्याजवळ त्याला द्यायला भक्ती नव्हती, फराळाची करंजी नव्हती, राग तेवढा होता. मी तोच त्याच्यापुढे टाकला आणि त्याने तो लाथाडला नाही. त्यासाठी मी त्याची जन्माची ऋणी आहे.

वस्तीतल्या बाया त्या दगडावर पुन्हा धुणं धुवू लागल्या. मास्तरांना ते आवडलं असतं. उपरणं मी घरी आणून रिठ्यात भिजवलं, सोड्यात उकळलं, उन्हात वाळवलं. शेंदूर गेला, पण एका टोकाला फिकट तांबूस डाग राहिला तो राहिलाच. दर नाताळला पलीकडे कीर्तनाला जाताना मी तेच गळ्यात घालते. नव्या मुली विचारतात, बाई, एवढा डाग कसा निघत नाही? काढायला अमुक लावा, तमुक लावा, असं सुचवतात. मी हो म्हणते. तो घासायचा मी केव्हाच सोडून दिला आहे.